ड्रमातली मेथी

हे लिहायला घेतलं याबद्दल आधीच माफी मागतो. बागेविषयी ज्यांनी लिहावं त्यांच्याकडे बाग असते, आणि माणसांविषयी ज्यांनी लिहावं त्यांना माणसं कळलेली असतात. माझ्याकडे यातलं काही नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, आई तेवढीही नाही. शिकलेल्याला लिहिता येतंच असं घरच्यांना वाटतं. मला अजून तसं वाटत नाही. तरी लिहितो, कारण आमच्या चाळीत जे घडलं ते दुसरं कुणी लिहिणार नाही, आणि ज्यांना ते अर्धं ठाऊक आहे ते अजून अर्धंच सांगत असतात.

आम्ही कळव्याला पूर्वेकडे, डोंगराच्या उतारावरच्या पत्र्याच्या चाळीत राहायचो. दारासमोर दोन माणसं जेमतेम बसतील एवढा ओटा, पुढे उघडं गटार, त्यापलीकडे खडक. आई राजापूरकडची. मागे भाजीपाल्याचं परडं नसलेलं घर तिला घर वाटायचं नाही. मग ज्यात माती राहील त्यालाच तिने परडं मानलं. वनस्पती तुपाच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून त्यात मिरची. चहापत्तीच्या खोक्यात कोथिंबीर. ते खोकं पाण्याने फुगून फुटायला आलं की आई त्याला सुतळीने आवळायची. दुधाच्या पिशव्या धुऊन त्यात वांग्याची रोपं. तेलाचा पत्र्याचा डबा बाबा आडवा कापायचे आणि आईचा हात कापू नये म्हणून कडा हातोडीने आत वळवायचे. त्यात लाल माठ. छपरावर पडवळाचा वेल चढवलेला होता आणि लोंबणारं पडवळ वाकडं होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या टोकाला दोऱ्याने दगड बांधलेला. आमच्या दारात येणाऱ्याच्या डोक्याला ते दगड लागायचे. शेजारच्या काकू म्हणायच्या, "पाहुणे येऊ नयेत म्हणून बंदोबस्त केलायस गो. चांगलं आहे."

या काकू आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. काका ठाण्याला एका छापखान्यात कामाला, एक मुलगी, माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान. आई दुपारी कामाला जायची तेव्हा शाळेतून आलेलो मी काकूंच्याच हातचं जेवायचो. त्यांच्या भाकरीला कधी तडा गेलेला मला आठवत नाही.

भाजीपेक्षा चाळीला काळजी होती पाण्याची. नळ उताराच्या पायथ्याशी, पहाटे थोडा वेळ यायचा, एखाद्या दिवशी यायचाच नाही. पाणी साठवायला ज्याच्याकडे ड्रम नाही त्याचे हाल. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरला होते. तिथे रिकामे झालेले प्लास्टिकचे ड्रम भंगारवाला उचलायचा, पण दसऱ्याला मशीनची पूजा झाली की कामगारांना एकेक रिकामा ड्रम घरी न्यायला द्यायचे. गेटबाहेर काढण्याआधी ड्रमावरचं लेबल खरवडून टाकायचं, अशी पद्धत होती. त्यामुळे आधी त्यात काय भरलेलं होतं ते घरी आल्यावर कुणालाच सांगता यायचं नाही.

बाबांनी आणलेल्या पहिल्या ड्रमात आईने पाणी भरू दिलं नाही. "वास येतोय. मी नाही पिणार यातलं." बाबांनी तो धुतला, पुन्हा धुतला, मग उन्हाकडे तोंड करून ओट्यावर आडवा पाडला. आत रेतीबंदरहून आणलेली रेती धुऊन पसरली आणि तिच्यावर मेथी टाकली. रेतीतली बारीक मेथी किनाऱ्याकडच्या माणसांना नवी नाही. माती नको, खत नको, चटकन येते. पण ती उगवलीच नाही. दाणे काळे पडून तिथेच राहिले. तो ड्रम भंगारात गेला. पुढच्या दसऱ्याच्या ड्रमात मात्र मेथी दाट आली. आईने तिची भाजी केली. बाबांनी मग रेती काढून ड्रम राखेने आणि चिंचेने घासला, पाण्याने भरला, आणि आईने मुकाट्याने त्यात तांब्या बुडवला.

तिथून चाळीत रीत पडली. कुणी कुठूनही ड्रम आणला, कारखान्यातून, भंगारातून, की तो आधी आमच्या ओट्यावर यायचा. बाबा आत डोकं घालून वास घ्यायचे, बोटाने कड घासायचे, रेती पसरून मेथी टाकायचे. ती उगवली तर ड्रम पाण्याला चालेल. नाही उगवली तर नाही. पहिली जुडी ज्याचा ड्रम त्याच्या घरी जायची. कुणी शंका काढली तर बाबांचं एकच वाक्य ठरलेलं असायचं: "मेथीला खोटं बोलता येत नाही."

आज मला ठाऊक आहे की या परीक्षेला काही अर्थ नव्हता. माणसाला मारील अशा कितीतरी गोष्टी मेथीला जाणवतही नाहीत, आणि ती पानं आम्ही खात होतो. पण तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं, बाबांना तर नाहीच. कारखान्यात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. चाळीत मात्र लोक त्यांना विचारून पाणी भरत होते.

मी बारावीला असताना काकांनी भंगारवाल्याकडून एक पांढरा ड्रम आणला. जाड, छान झाकणाचा. काकू त्याच्यासोबतच आल्या.

"भावोजी, परीक्षा घ्या बघू याची."

बाबांनी वास घेतला. "वहिनी, हा कुठल्या कंपनीचा?"

"ते भंगारवाल्याला तरी कुठे ठाऊक? स्वस्तात दिलान म्हणून ह्यांनी उचललान. काय ते पास की नापास सांगा, म्हणजे मी हंडे वाहायची सुटले."

"मेथी सांगेल."

"मग तिलाच विचारा. आणि जरा सोपा पेपर काढा."

मेथी आली. चांगली आली. काकूंनी त्यातली अर्धी आमच्याकडे पाठवली, आणि पांढरा ड्रम त्यांच्या मोरीशेजारी उभा राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात काकूंच्या हाताला फोड दिसू लागले. तव्यावरची भाकरी त्या बोटांनीच उलटायच्या, पूर्वीही तशाच उलटायच्या. आता कातडी भाजली तरी त्यांना कळत नव्हतं. एकदा माझ्या ताटात भाकरी टाकताना त्यांच्या बोटावरचा फोड फुटलेला मी पाहिला आणि दचकलो.

"काकू, भाजलंय तुम्हाला."

त्यांनी बोट उलटंसुलटं करून पाहिलं. "अरे खरंच की. लोखंडाचे झालेत माझे हात. जेव तू."

मग नळावरून येताना त्यांची एक चप्पल वाटेतच राहायला लागली. ती पायातून कधी निसटली ते त्यांना समजायचं नाही; घरी आल्यावर दिसायचं. त्यांची मुलगी उतारावर चप्पल शोधत फिरायची आणि बायका हसायच्या. काकूही हसायच्या. काही महिन्यांनी आईला पडवळाचे दगड बांधायला मदत करताना दोरा त्यांच्या हातून सारखा सुटू लागला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं होतं. त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. दोरा आईच्या हातात देऊन घरात गेल्या.

गल्लीतल्या डॉक्टरने अशक्तपणा म्हणून इंजेक्शनं दिली. कुणी वात म्हणालं, कुणी करणी. शेवटी काकांनी रजा टाकली आणि त्यांना ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. एकदा नाही, बऱ्याच वेळा गेले. विचारलं तर म्हणायचे, "तपासण्या चालल्यात."

मग एका पहाटे नळावर काका बोलले. मी मागे रांगेत होतो. कुणीतरी विचारलं, "काय म्हणतात डॉक्टर?" काका हंड्याकडे बघत म्हणाले, "डॉक्टर विचारत होते, तुम्ही पाणी कशात भरता."

एवढंच. बाकी सगळं रांगेने केलं. दुपारपर्यंत निम्म्या चाळीने ड्रम गटारात रिकामे केले. ज्या पाण्यासाठी पहाटे भांडणं व्हायची ते उतारावरून वाहत होतं. संध्याकाळी बाबा कामावरून आले तेव्हा माणसं आमच्या ओट्यासमोर उभी होती.

"तुम्हीच सांगितलेलंत, चालेल म्हणून."

"मेथी आलेली," बाबा म्हणाले. "सगळ्यांनी बघितलेली."

"तुमची मेथी काय चाटायचीय? आमची पोरं पितात ते पाणी."

"आम्हीपण पितो."

"तुमचं सोडा. जन्म गेला तुमचा कारखान्यात. तुम्हाला विष पचतं."

कुणीतरी हसलं. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "ह्यांनी कुणाला बोलावलं नव्हतं. तुम्हीच ड्रम घेऊन येत होतात." पण तिचा आवाज मोठा नव्हता, आणि बाबांनी हात करून तिला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी पांढरा ड्रम आमच्या दारात आणून ठेवला. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं असं आई पुढे कितीतरी वेळा म्हणाली. ते ड्रम ठेवून नुसते उभे राहिले. बाबा म्हणाले, "वहिनींना कसं आहे?" काका म्हणाले, "तसंच आहे." मग निघून गेले. त्या दिवसापासून त्यांचं दार कायम लोटलेलं असायचं.

बाबांनी त्या रात्री काही केलं नाही. सकाळी उठून तो ड्रम आत घेतला, त्यात पाणी ओतलं, पेला बुडवून प्यायले.

"हे काय करताय?" आई किंचाळली.

"बघू दे."

"काय बघायचंय?"

"त्यांना झालं ते मला होतं का ते."

"आणि झालं तर?"

बाबांनी पेला धुऊन उपडा ठेवला. त्यानंतर घरातलं पाणी वेगळं आणि बाबांचं वेगळं. कामावर न्यायची बाटलीही ते त्याच ड्रमातून भरायचे. आई रडली, शपथा घातल्या, एकदा त्यांच्या डोळ्यांदेखत ड्रम उपडा केला. बाबांनी हंडा उचलला, नळावर जाऊन रांगेत उभे राहिले, आणि पुन्हा भरला. रांगेत त्यांच्याशी कुणी बोललं नाही.

मी तेव्हा ठाण्याला कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं होतं. आई एके दिवशी मला म्हणाली, "तू हेच शिकतोस ना? मग सांग ना त्या पाण्यात काय आहे ते." मला फार लाज वाटली. आम्ही वर्षभर नुसते क्षार ओळखत होतो, तेही सर आधीच बाटलीत घालून ठेवत ते. तरी खोकल्याच्या औषधाची बाटली उकळून घेतली, ड्रमातलं पाणी भरलं, आणि सरांकडे गेलो. दाराशी बराच वेळ घुटमळलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं. चेष्टा केली नाही.

"हे बघ," ते म्हणाले, "आपल्याकडे जेवढं शोधता येतं तेवढं मी शोधतो. पण ते फार थोडं आहे. त्यात काही नाही सापडलं म्हणजे पाण्यात काही नाही, असं समजू नकोस."

काही सापडलं नाही. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते मिरचीच्या डब्यातलं गवत काढत होते.

"म्हणजे नाहीये?"

"म्हणजे आम्हाला शोधता आलं नाही."

त्यांनी हातातल्या गवताच्या मुळांची माती झटकली. "मग मेथीचं तरी काय वेगळं झालं?" असं म्हणाले आणि पुन्हा खाली वाकले. टोमणा नव्हता तो. ते खरोखरच विचारत होते. मुंबईला मोठी प्रयोगशाळा असते, तिथे देता येईल, असं मी म्हणालो. कुणाकडे द्यायचं, काय सांगून द्यायचं, हे मला ठाऊक नव्हतं आणि विचारायला कुणी नव्हतं. ते तसंच राहिलं.

बाबांना काही झालं नाही. महिने गेले, त्यांचे हातपाय ठणठणीत. पहिल्यांदा मला वाटलं, चला, सुटलो. पण चाळीला ते पटलं नाही. "त्यांना सवय आहे," लोक म्हणायचे. "बायामाणसाचं अंग नाजूक." बाबांनाही ते पटलं असावं, कारण त्यांनी तो ड्रम सोडला नाही. शेजारून काकूंच्या हातून भांडं निसटून पडल्याचा आवाज आला की त्यांचा घास हातात राहायचा.

पुढच्या वर्षी काकूंचं बिऱ्हाड हललं. कल्याणला कुठेतरी, एवढंच कळलं. टेंपोत सामान चढत असताना आई ओट्यावर आली. काकू डोक्यावरून पदर घेऊन, दोन्ही हात पदरात गुंडाळून पुढच्या सीटवर बसलेल्या. आईने हाक मारली. काकूंनी मान वळवली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि काकांनी ड्रायव्हरला "चला" म्हटलं.

त्यानंतर आमच्या ओट्यावर कुणी ड्रम आणला नाही. पोरं बाबांना बघून "मेथी घ्या मेथी" असं भाजीवाल्यासारखं ओरडायची. त्यांच्या घरच्यांनी त्यांना कधी दटावल्याचं मला आठवत नाही. बाबांनी भाजी लावणं कधी सोडलं ते नेमकं सांगता येणार नाही. एकदम सोडलं नाही. वेल वाळला तो काढला नाही, डबे गंजले ते बदलले नाहीत. आई मिरची तेवढी जपायची. बाजारातली मेथी मात्र तीही घरात आणेना.

बाबांच्या पोटात पाणी झालं तेव्हा मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. डोळे पिवळे, पाय सुजलेले, दंड काडीसारखे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न दारूचा विचारला. बाबांनी दारूला कधी हात लावला नव्हता. मग मी ड्रमाचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, असेलही, नसेलही. कारखान्यातलं असेल, जुनी कावीळ असेल, आता सांगता येणार नाही. चाळीला मात्र सांगता येत होतं. "शेवटी लागलंच ना," लोक नळावर म्हणाले. बाबांनाही बहुधा तसंच वाटलं. त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी उशाशी बसलो होतो तेव्हा ते म्हणाले, "वहिनींचं काही कळलं का रे?" मी नाही म्हणालो. "कळलं तर मला सांग." गणपतीच्या आधी ते गेले.

ड्रम आईने फोडला. घणाने, एकटीने, ओट्यावर. मला मदत करू दिली नाही.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी, एका रविवारी सकाळी काका आले. मी त्यांना ओळखलंच नाही. केस सगळे पांढरे, खांदे उतरलेले. हातात लाडवांचा पुडा होता. आईने त्यांना आत घेतलं. त्यांनी भिंतीवरचा बाबांचा फोटो आणि त्याचा हार पाहिला आणि पुडा कुठे ठेवावा ते त्यांना समजेना. शेवटी तो त्यांनी मांडीवरच धरला.

"मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "कुणी कळवलं नाही."

"कुणाला कुठे कळवायचं?" आई म्हणाली. "वहिनी कशी आहे?"

"बरी आहे. खरंच बरी आहे. घरातलं सगळं करते. बोटं तेवढी सरळ झाली नाहीत." मग ते खाली बघत म्हणाले, "मुलीचं लग्न झालं गेल्या महिन्यात. चांगल्या घरी पडली. त्याशिवाय मला इथे येता आलं नसतं."

आई चहासाठी स्टोव्ह पेटवून आधण ठेवत होती, ती तिथेच थांबली.

"ड्रमात काही होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही, वहिनी. पण हिला झालं ते ड्रमाने नव्हतं झालं. महारोग होता तिला. दंडावर चट्टा होता, तो आम्ही कोड समजलो. दीड-दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या, सरकारी दवाखान्यात, कल्याणला, जिथे कुणी ओळखत नव्हतं तिथे. गेला रोग. पण चाळीत नाव निघालं असतं तर पोरीला कुणी दारात उभं केलं नसतं. म्हणून मी नळावर ते बोललो. डॉक्टरांनी पाण्याचं काही विचारलंच नव्हतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा आईकडे. "ती रोज म्हणायची, भावोजींना सांगून या. मी म्हणायचो, पोरीचं होऊ दे."

स्टोव्ह भरभरत होता. आईने तो बंद केला.

"तुम्हाला कधी कळलेलं?" तिने विचारलं.

"ड्रम तुमच्या दारात आणून ठेवला," काका म्हणाले, "त्याच्या आधीच."